जावईबापूंच्या पाठीमागे

माझ्या सासूबाईंनी उभ्या आयुष्यात कुणावर आवाज चढवला नाही. हे ऐकलं की लोक मला म्हणतात, "नशीब काढलंस!" त्यांना काय माहीत? ज्या बाईला घर डोक्यावर घ्यायला आवाजच लागत नाही, ती काय चीज असते ते तिच्या सुनेला विचारावं.

सासूबाई नाटक कंपनीत प्रॉम्प्टर होत्या. विंगेत, प्रेक्षकांना दिसणार नाही अशा कोपऱ्यात, मांडीवर संहिता घेऊन स्टुलावर बसायचं आणि नट अडला की त्याला पुढचा शब्द द्यायचा, हे त्यांचं काम. त्यांची कुजबुज नटाच्या कानात बरोबर पडे आणि पहिल्या रांगेतल्या माणसाला पत्ता लागत नसे. कंपनीत त्यांना सगळे 'कुजबुजबाई' म्हणत. पडदा कायमचा पडला, कंपनी मोडली, बाई म्हाताऱ्या झाल्या, पण खोड काही गेली नाही. समोरचा माणूस बोलता बोलता थांबला की या पुढे सरसावतात. शब्द दिल्याशिवाय राहवत नाही.

माझं लग्न ठरत होतं तेव्हाची गोष्ट. माझे वडील म्हणाले, "आमची मुलगी तशी गुणाची आहे, फक्त जरा..." आणि योग्य शब्द शोधत थांबले. सासूबाईंनी हळूच शब्द दिला, "तापट." वडील म्हणाले, "तापट आहे." आणि मग आपण हे का बोललो म्हणून छताकडे बघत बसले. तेव्हापासून मी या बाईंना ओळखून आहे.

आमच्या घरापासून दोन गल्ल्या सोडून ज्येष्ठांचं विरंगुळा केंद्र आहे. वाचनालयाच्या वरचा मजला, एक लांबलचक हॉल, आणि एका टोकाला प्लायवुडचं पार्टिशन घालून केलेली छोटी खोली. पार्टिशन छतापर्यंत पोचत नाही. वर हातभर जागा मोकळी. सासूबाई रोज दुपारी विणकामाची पिशवी घेऊन तिथे जायच्या. तिथेच त्यांच्या कंपनीतले राजेही यायचे.

राजे म्हणजे नट. उंची ताडमाड, आवाज असा की शेवटच्या रांगेतलं झोपलेलं पोर जागं व्हावं. त्यामुळे त्यांना कायम राजाचीच कामं मिळाली आणि नावही तेच चिकटलं. पाठांतराच्या नावाने मात्र आनंदीआनंद. "राजेंना स्वतःच्या नावापलीकडे काही पाठ होत नाही," असं कंपनीचे मॅनेजर म्हणायचे, "आणि नाटकात नाव बदललं की तेही नाही." पण दरबारात उभे राहून ते अडले की डावीकडे मान वळवायचे, क्षणभर डोळे मिटायचे, आणि प्रेक्षकांना वाटायचं, काय भारदस्त विचार करतोय राजा! विचारबिचार काही नाही. डाव्या विंगेतून शब्द यायची वाट बघत असायचे. अशी दोघांची जोडी वर्षानुवर्षं चालली. राजेंना याची लाज नव्हती आणि बाईंना त्याचा गर्व नव्हता.

तर या केंद्रात एक दिवस यंत्रमानव आला.

कमरेएवढा उंच, पांढरा, गुळगुळीत. डोक्याच्या जागी भोपळ्याएवढा गोळा, त्यात दोन निळे डोळे, छातीवर पाटीसारखा पडदा. बरोबर आलेल्या तरुण डॉक्टरीणबाईंनी सगळ्यांना समजावून सांगितलं, "हा तुमच्याशी गप्पा मारेल, थोडे प्रश्न विचारेल. स्मरणशक्ती कशी आहे, बोलताना शब्द सापडतात का, ते बघेल. माणूस डॉक्टरसमोर बिचकतो आणि घरच्यांसमोर थापा मारतो. याच्यासमोर संकोच करायचं कारण नाही. हा कंटाळत नाही की उसासे टाकत नाही. म्हणून मीसुद्धा आत थांबणार नाही. आणि हे निदान नाही बरं का, ही नुसती चाळणी. चाळणीत कुणी अडकलं तर त्यांना मी स्वतः तपासीन."

यंत्रमानवाला पार्टिशनच्या खोलीत नेलं. प्लग पार्टिशनच्या कडेला होता, म्हणून त्याला पार्टिशनकडे पाठ करून उभं केलं. त्याला ऊन लागू नये म्हणून पडदे ओढले, तापू नये म्हणून केंद्रातला एकमेव चांगला पंखा त्याच्याकडे फिरवला. हे सगळं बघून निवृत्त शिंपीदादा म्हणाले, "हा तर जावई आला की! बघा ना, येताक्षणी सगळ्यात चांगली जागा धरली, पंखा घेतला, बसल्या जागी खायला मागतो, काडीचं काम करत नाही, आणि वर आपल्यालाच प्रश्न विचारणार!"

झालं. त्या दिवसापासून त्याचं नाव जावईबापू.

पहिला नंबर शिंपीदादांचाच लागला. सासूबाई पार्टिशनच्या अलीकडे त्यांच्या नेहमीच्या स्टुलावर विणत बसल्या होत्या. त्या शपथेवर सांगतात की त्यांच्या मनात काही नव्हतं. आत जावईबापू गोड आवाजात म्हणाले, "नमस्कार. आपल्याला आठवतील तितक्या प्राण्यांची नावं सांगा." शिंपीदादांनी गाय, कुत्रा, मांजर, घोडा असं झरझर सांगितलं आणि गाडी थांबली. कुणी घाबरलं की डोकं कसं रिकामं होतं, तसं झालं. खुर्ची करकरली. घसा खाकरल्याचा आवाज आला. पुन्हा "गाय" ऐकू आलं. पुन्हा शांतता.

"मला कसंतरीच झालं गं," सासूबाई नंतर मला म्हणाल्या. "त्या शांततेत माणूस बुडत होता. माझ्या तोंडून आपोआप निघालं."

"काय निघालं?"

"साळिंदर."

आता साळिंदरच का? तर कंपनीच्या एका बालनाटकात साळिंदराचं काम करणारा नट आपण कोण आहोत हेच विसरायचा, आणि त्याला प्रवेशागणिक आठवण करून द्यावी लागायची. तो शब्द यांच्या जिभेवर कायमचा बसलेला. शिंपीदादांनी दचकून वर बघितलं, आणि बुडत्याने काडी धरावी तसं म्हणाले, "साळिंदर!" जावईबापू म्हणाले, "वा, छान!" मागून आलं, "मुंगूस." पुढून आलं, "मुंगूस!" "पाणघोडा." "पाणघोडा!" जावईबापूंचे कान समोरच्या माणसाकडे लावलेले, पंखा घरघरतोय, आणि कुजबुज कुणाची, तर जिने भरलेल्या नाट्यगृहाला वर्षानुवर्षं फसवलं तिची. त्यांना कसला पत्ता लागतोय!

शिंपीदादा बाहेर आले ते छाती काढून. कुणी मदत केली ते त्यांना कळलं होतं. त्यांनी सासूबाईंकडे बघून फक्त भुवया उडवल्या. पण असली बातमी पोटात राहते थोडीच? बघता बघता सगळ्या केंद्राला कळलं. ज्या मंडळींनी परीक्षेच्या भीतीने गुडघेदुखीचं निमित्त काढलं होतं, त्यांचे गुडघे एकदम बरे झाले. बाईंच्या स्टुलावर मऊ उशी आली. त्यांच्या बाजूची खिडकी वारा येईल अशी उघडून दिली जाऊ लागली. जावईबापूंनी पाच शब्द लक्षात ठेवायला सांगावेत, मध्ये दुसरंच काही विचारावं, आणि मग तेच पाच शब्द परत मागावेत. पार्टिशनच्या मागून पाचही शब्द ताज्या भाकरीसारखे ताटात पडत. आजचा वार कोणता? मागून वार. शंभरातून सात गेले किती, त्यातून पुन्हा सात गेले किती? इथे मात्र सासूबाईंचं गणित कच्चं असल्यामुळे सगळ्या केंद्राचं एकदम चुकलं.

राजेंचा निकाल तर विचारूच नका. त्यांना या खेळाची सवय जन्माची. इतर जण शब्द आला की घाईघाईने बोलून मोकळे होत. राजे आधी मान वळवत, डोळे मिटत, आणि मग असा एकेक शब्द टाकत की जणू राज्य दान करतायत. जावईबापूंनी त्यांना केंद्रात सगळ्यात वरचे गुण दिले. "सुरुवातीला त्यांना एकेक शब्द दोनदा द्यावा लागला," सासूबाई मला सांगत होत्या. "कान गेले बिचाऱ्याचे."

शेवटी सासूबाईंची पाळी आली. त्या खुर्चीत जाऊन बसल्या. जावईबापूंनी वार विचारला. यांनी सांगितला. जावईबापू म्हणाले, "मला ऐकू आलं नाही. कृपया थोडं मोठ्याने बोला." यांनी पुन्हा त्याच आवाजात सांगितला. "मला ऐकू आलं नाही." असं बराच वेळ चाललं.

"अहो आई, मग जरा मोठ्याने बोलायचं होतं!" मी म्हणाले.

"मी माझ्या नवऱ्यावर कधी ओरडले नाही," त्या म्हणाल्या, "आता काय जावयावर ओरडू?"

जावईबापूंनी शेवटी अतिशय सभ्यपणे सांगितलं, "आपण एकाही प्रश्नाचं उत्तर दिलं नाहीत. काही हरकत नाही. आपल्याशी बोलून आनंद झाला."

निकाल आमच्या घरी आला. सासूबाईंचे गुण सगळ्या केंद्रात तळाला. पुढची तपासणी तातडीने करून घ्यावी, डॉक्टरीणबाई गावाहून परतल्या की भेटावं, असा निरोप.

माझा नवरा पाणीपुरवठा खात्यात इंजिनिअर आहे. पाइप फुटला तर त्याचा हात धरणार नाही कुणी, पण आईचं काही फुटलं म्हटल्यावर तो पार हबकला. रात्रभर वाचत बसला आणि सकाळी ऑफिसातलं लेबल छापायचं मशीन घेऊन आला. घरातल्या यच्चयावत वस्तूंवर पट्ट्या लागल्या. 'कपाट.' 'दिवा.' 'बाथरूम.' 'बाथरूम नाही.' मी त्याला परोपरीने सांगितलं, अरे, तुझ्या आईला काही झालेलं नाही, कालच तिने मला माझ्या मावशीच्या नणंदेच्या लग्नातली साडी रंगासकट सांगितली. तर म्हणाला, "जुनं आठवतंच गं. नवीन आठवत नाही."

सासूबाईंना खरं सांगून टाकता आलं असतं. पण अशी संधी सोडतील त्या कसल्या? त्यांच्या लक्षात आलं की विसरण्यासारखं सुख नाही. न आवडणारा नातेवाईक फोनवर आला की "कोण बोलतंय?" असं इतक्या निरागसपणे विचारायच्या की तो बिचारा हळहळत फोन ठेवायचा. औषधाची कडू बाटली 'सापडेना'. भांडी पुसायचं 'लक्षातून गेलं'. रोज सकाळी नवरा चहा घेऊन गेला की त्याच्याकडे मायेने बघून म्हणायच्या, "आपण कोण म्हणायचे?" त्याचा चेहरा पडला की गालाला हात लावून, "हां हां, आठवलं. पाणी सोडणारे ना?"

मी ओट्याशी उभी राहून पदर तोंडात कोंबून हसायचे. पण देव बघत असतो. मी घरी केकच्या ऑर्डरी घेते. एके दिवशी केकचं मिश्रण फेटून बोटाने चाखलं आणि अक्षरशः थुंकले. साखरेच्या जागी मीठ! वर्षानुवर्षं तोच डबा, तीच फळी, माझा हात डोळे मिटून जातो. पण शेजारच्या डब्यावर 'साखर' अशी सुबक पट्टी दिसली आणि मी स्वतःच्या हातापेक्षा पट्टीवर विश्वास ठेवला. सासूबाईंनी दोन्ही डब्यांच्या पट्ट्या तर बदलल्याच होत्या, पण 'बाथरूम' आणि 'बाथरूम नाही' या पट्ट्यांचीही अदलाबदल केली होती. ते मात्र नवऱ्याला कळलं, मला नाही.

हा सगळा तमाशा चालू असताना एका संध्याकाळी राजेंची लेक आमच्याकडे आली. चष्म्याच्या दुकानात काम करते. आई गेल्यापासून वडिलांचं सगळं तीच बघते. आली, स्वयंपाकघरातल्या स्टुलावर बसली, आणि मी पाण्याचा पेला पुढे केला तशी हमसून हमसून रडायला लागली.

"वहिनी, मला वाटतं माझंच डोकं फिरलंय," ती म्हणाली.

"काय झालं गं?"

"बाबा काल बसमध्ये बसले ते उतरलेच नाहीत. शेवटच्या थांब्यावर ड्रायव्हरने विचारलं, आजोबा, कुठे जायचंय? तर म्हणाले, तुम्ही न्याल तिथे. पत्ता सांगता येईना. ड्रायव्हरला वाटलं, थट्टा करतायत. खिशातल्या पाकिटात माझ्या दुकानाचं कार्ड होतं म्हणून मला फोन आला." तिने नाक पुसलं. "आणि हे पहिल्यांदा नाही. गॅस तसाच सोडतात. एकदा आईला हाका मारत होते. मी म्हटलं, बाबा, आपण डॉक्टरांकडे जाऊ. तर तो कागद माझ्या तोंडासमोर नाचवला. 'पहिला नंबर आहे माझा! यंत्र खोटं बोलतं का?' मीही तेच म्हणतेय, यंत्र कशाला खोटं बोलेल? मग माझंच चुकत असणार. मीच उगाच त्यांच्या पाठी लागते, ओरडते त्यांच्यावर. रात्री झोप लागत नाही मला."

मी तिच्या पाठीवर हात ठेवला. बोलायला गेले तर शब्द सुचेना. नेहमीच्या सवयीने मी क्षणभर आतल्या खोलीकडे कान दिला. सासूबाई आत होत्या, दार उघडं होतं, त्यांनी सगळं ऐकलं होतं. पण आतून काही आलं नाही.

लेक गेल्यावर मी आत डोकावले. विणकाम मांडीवर तसंच पडलं होतं.

"राजे विसरतात यात मला काय नवीन?" त्या म्हणाल्या. "ते कायमच विसरत आलेत. त्यामुळे आता काहीतरी वेगळंच विसरतायत हे मला दिसलंच नाही बघ. मी आपली शब्द देत बसले. दोनदा द्यावा लागला तर म्हटलं, कान गेले."

मी त्यांना कधी रडताना पाहिलं नव्हतं, तेव्हाही नाही. पण त्या रात्री त्या माझ्या नवऱ्याला म्हणाल्या, "अरे, ती पट्ट्यांची भानगड काढून टाक आता. मला सगळं आठवतं. तुझा चौथीतला निकालसुद्धा." त्याने आधी डोळे मोठे केले, मग बारीक केले, मग तो इतका चिडला की दोन दिवस आईशी बोलला नाही, आणि तिसऱ्या दिवशी तिच्या चहात मीठ घालून फिट्टंफाट केली.

डॉक्टरीणबाई गावाहून परतल्या होत्या. सासूबाईंनी मला बरोबर घेतलं आणि केंद्र गाठलं. डॉक्टरीणबाई पार्टिशनच्या खोलीत भिंती न्याहाळत उभ्या होत्या.

"बरं झालं आलात, काकू," त्या म्हणाल्या. "मला एक सांगा, इथे कुठे साळिंदराचं चित्र होतं का हो? किंवा प्राणिसंग्रहालयाची सहल वगैरे? साध्या माणसाला प्राणी विचारले तर साळिंदर सहसा कुणी सांगत नाही. इथे सगळ्यांनी सांगितलंय. त्याच्यापाठोपाठ मुंगूस आणि पाणघोडा, त्याच क्रमाने. आणि सगळ्यांची वजाबाकी एकाच ठिकाणी चुकते. मला वाटलं, यंत्रातच काहीतरी बिघाड आहे. दोनदा उघडून बघितलं."

"यंत्र चांगलं आहे," सासूबाई म्हणाल्या. "जरा त्या खुर्चीत बसता का?"

डॉक्टरीणबाई बसल्या. सासूबाई पार्टिशनच्या मागे आपल्या जागी गेल्या. जावईबापूंनी निळे डोळे उघडून प्राण्यांची नावं मागितली. डॉक्टरीणबाई हसत म्हणाल्या, "वाघ, सिंह, हत्ती, अं..."

आणि लगेच पुढे त्यांच्याच तोंडून निघालं, "साळिंदर."

त्या थबकल्या. पार्टिशनकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि असं काही हसायला लागल्या की जावईबापू काळजीने म्हणाले, "आपल्याला बरं वाटत नाहीये का?" त्यावर त्या आणखीच हसल्या. डोळे पुसत पुसत म्हणाल्या, "किती जणांना सांगितलंत?"

"सगळ्यांना."

"राजेंनासुद्धा?"

"त्यांना तर तुमच्या जन्माच्या आधीपासून सांगतेय," सासूबाई बाहेर येत म्हणाल्या. "तेच सांगायला आलेय." आणि त्यांनी बसची, गॅसची, सगळी हकिगत सांगितली.

डॉक्टरीणबाईंचं हसू मावळलं. त्यांनी जावईबापूंचा पडदा बंद केला. "काकू, तुम्हाला राग येईल, पण बोलते," त्या म्हणाल्या. "तुम्ही सगळ्यांना पास केलंत, ते मी एकवेळ हसण्यावारी नेईन, पुन्हा परीक्षा घेता येईल. पण राजेंच्या लेकीला दिसत होतं ते खरं होतं, आणि माझ्या कागदाने तिला खोटं पाडलं. या दिवसांत त्यांना काही झालं असतं तर? इथे नापास होणं म्हणजे अपमान नाही हो. नापास होण्यासाठीच तर हे ठेवलंय."

सासूबाईंनी मान खाली घातली. माझ्या संसारात मी हे दृश्य पहिल्यांदा पाहिलं, आणि खोटं कशाला बोलू, बघायला वाटलं होतं तितकं बरं वाटलं नाही.

राजेंची परीक्षा पुन्हा घ्यायची ठरली. राजेंनी अट घातली, "बाई असतील तरच." डॉक्टरीणबाईंनी उलट अट घातली, "बाई पार्टिशनच्या पुढे बसतील, माझ्या नजरेसमोर, तोंड मिटून." सासूबाईंनी स्वतःच त्यावर उपाय शोधला. पिशवीतून लिंबाची मोठी गोळी काढली आणि तोंडात टाकली. "ही असेपर्यंत मला बोलता येणार नाही," त्या म्हणाल्या, आणि मग खरोखरच बोलता येईना.

जावईबापू म्हणाले, "मी पाच शब्द सांगतो. चष्मा, नदी, खुर्ची, लिंबू, घंटा. थोड्या वेळाने मी ते पुन्हा विचारीन." मग त्यांनी राजेंना त्यांच्या लहानपणाबद्दल विचारलं. राजेंनी झकास सांगितलं, हातवारे करून, आवाजाचे चढउतार करून. लेक दाराशी उभी राहून ऐकत होती. मग जावईबापू म्हणाले, "आता ते पाच शब्द सांगा."

राजेंनी मान डावीकडे वळवली. डोळे मिटले. वाट बघितली.

सासूबाईंनी गोळी या गालातून त्या गालात नेली. त्यांच्या हातातला रुमाल इतका पिळला होता की धुवायला टाकायची गरज नव्हती.

राजेंनी डोळे उघडले. क्षणभर त्यांच्या चेहऱ्यावर जे दिसलं ते मी कधी विसरणार नाही. घराचं दार उघडावं आणि आत दुसऱ्याचंच घर असावं, तसं काहीतरी. पण नट तो नट. त्यांनी पाठ ताठ केली आणि धीरगंभीर आवाजात म्हणाले, "घोडा. खंजीर. सिंहासन. मशाल. प्रजा!"

"छान प्रयत्न," जावईबापू म्हणाले.

"प्रयत्न?" राजे कडाडले. "राजा प्रयत्न करत नसतो!"

सासूबाईंनी गोळी अख्खी गिळली. ठसका लागला, पाठीवर थापट्या मारायला सगळे धावले, डॉक्टरीणबाईंनी पाणी आणलं. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं ते ठसक्याचं, असं त्या म्हणतात. मी वाद घातला नाही.

पुढे रक्ताच्या तपासण्या झाल्या, मोठ्या दवाखान्यात जाऊन डोक्याचे फोटो झाले. निघालं असं की शरीरात एका जीवनसत्त्वाची भयंकर कमतरता होती, त्याची इंजेक्शनं सुरू झाली आणि राजेंना बरंच हुशार वाटू लागलं. पण तेवढंच नव्हतं. खरा विस्मरणाचा आजारही होता, सुरुवातीचा. तो थांबणार नव्हता, सावकाश चालेल असं बघायचं होतं. डॉक्टरीणबाईंनी हे राजेंना समोर बसवून, त्यांच्याशीच बोलून सांगितलं. राजेंनी तपासणीचा कागद घडी करून खिशात घातला. मग म्हणाले, "म्हणजे आता मला विसरायचा परवाना मिळाला. आधी बिनपरवाना विसरत होतो."

लेक रडली, पण ते रडणं वेगळं होतं. "मी वेडी नाहीये, वहिनी," असं ती मला दोनदा म्हणाली. नंतर तिने गॅसला आपोआप बंद होणारी कळ बसवून घेतली, राजेंच्या प्रत्येक शर्टाच्या आतल्या बाजूला शिंपीदादांनी पत्त्याची पट्टी शिवून दिली. माझ्या नवऱ्याचं लेबलांचं मशीन शेवटी असं कामी आलं.

केंद्रातल्या सगळ्यांची परीक्षा पुन्हा झाली. बऱ्याच जणांचे गुण धाडकन घसरले, त्यातल्या दोघांना नीट तपासायची गरज निघाली. डॉक्टरीणबाईंनी पार्टिशनच्या अलीकडे कुणी बसू नये असा नियम केला. सासूबाईंची परीक्षा मात्र त्यांनी स्वतः घेतली, अगदी कान जवळ नेऊन. निकाल वयाच्या मानाने उत्तम. वजाबाकी सोडून.

लेकीची कामाची वेळ दुपारची असते, म्हणून राजे आता दुपारी आमच्याकडे येतात. पहिले काही दिवस सासूबाई त्यांना जुन्या नाटकांचे फोटो दाखवायच्या, पण राजेंना त्याचा कंटाळा. म्हणाले, "बाई, काहीतरी ताजं काढा." मग पत्त्यांचा जोड निघाला. रमी खेळतात दोघं, माझ्या ओट्याशेजारच्या टेबलावर, केकच्या साच्यांना बाजूला सारून. कधी राजे आपली पाळी विसरतात, कधी हातात किती पानं आहेत तेच विसरतात. सासूबाई दुरुस्त करत नाहीत. पण सोडूनही देत नाहीत. त्या बेधडक लबाडी करतात. मी त्यांना बोलले, "आई, शोभतं का हो? आजारी माणसाला फसवता?"

"त्यांना दया दाखवली तर ते इथे यायचे नाहीत," त्या म्हणाल्या. "तू तुझा केक बघ."

काल मी क्रीम फेटत होते. पाठीमागे अचानक टेबलावर हात आपटल्याचा आवाज झाला. वळून बघते तर राजे उभे, बोट सासूबाईंच्या पदराकडे रोखलेलं.

"चोर!" त्यांच्या आवाजाने खिडकीची काच थरथरली. "बदामची राणी! पदराखाली! मघाशी टाकलेली पुन्हा उचललीत!"

"मी? कधी?" सासूबाईंचं तोंड इतकं भाबडं की मीच जवळजवळ फसले.

"गेल्या डावातसुद्धा हेच केलंत! मला सगळं आठवतंय!"

सासूबाईंनी पदर झटकला. राणी जमिनीवर पडली. माझ्या सासूबाई पकडल्या गेल्या होत्या, लबाडी उघड झाली होती, आणि त्यांचा चेहरा असा उजळला होता की लॉटरी लागली म्हणावं. पण हार मानतील तर त्या कसल्या? "तुम्हीच ढकललीत ती माझ्याकडे," त्या पुटपुटल्या.

"मी राजा आहे! मी राणीला ढकलीन?"

त्यावरून जे जुंपलं ते थांबेचना. कंपनीतल्या कुठल्याशा दौऱ्यावर कुणी कुणाची उशी पळवली इथपर्यंत प्रकरण गेलं. राजे पाय आपटत गॅलरीत जाऊन बसले, सासूबाई आतल्या खोलीत. मला चहा दोन ठिकाणी न्यावा लागला, आणि दोघांनीही मला एकच विचारलं: समोरच्याच्या कपात साखर जास्त तर नाही ना घातली?